व्ही-एट मावशी

अप्पर हटमध्ये राहायला येऊन आम्हाला पुरता आठवडाही झाला नव्हता. शनिवारची सकाळ होती. केतकी पोहे परतत होती, मी खोक्यांतून पुस्तकं काढत होतो, आणि एकाएकी कपाटातले कप किणकिणायला लागले. पाठोपाठ खिडक्यांच्या काचा, मग जमीन. वेलिंग्टनच्या आसपास घर घेणाऱ्याला भूकंपाबद्दल लोक इतकं सांगून ठेवतात, की माणूस मनानं अर्धा टेबलाखालीच राहत असतो. रियाला शाळेत शिकवलेलं होतं. ती म्हणाली, "ड्रॉप, कव्हर, होल्ड, बाबा," आणि आम्ही तिघंही जेवणाच्या टेबलाखाली शिरलो. केतकीच्या हातात उलथनं तसंच होतं.

थरथर थांबेना. भूकंप इतका वेळ चालत नाही हे मला माहीत होतं, पण टेबलाखालून बाहेर येऊन ते सिद्ध करायची माझी तयारी नव्हती. शेवटी सगळं शांत झालं आणि दारावर टकटक झाली. मी रांगतच निघालो, दाराशी उभा राहिलो आणि दार उघडलं.

दारात एक बुटकी, काटक बाई. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगात निळा बॉयलर सूट, पायांत सपाता, ज्यांना इथं जॅन्डल्स म्हणतात. गालावर ग्रीसचा काळा ओरखडा. तिनं माझ्यामागं टेबलाखाली बसलेल्या केतकीकडं पाहिलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं,

"भूकंप नाही. मी आहे. शेजारची."

मग नाक वर करून हुंगलं. "पोहे लागले बघा खाली."

इंदुमती कदम यांची आणि आमची ओळख झाली ती अशी. वेलिंग्टनकडची सगळी मराठी मंडळी त्यांना व्ही-एट मावशी म्हणत. त्यांच्यासमोरच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

त्याच दिवशी करपलेले पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी आम्हाला गॅरेजमध्ये नेलं आणि भूकंपाचं केंद्र दाखवलं. चौतीस सालची अमेरिकन कूपे. दोन दारं, पुढं दोघांपुरती जागा. छप्पर मधून कापून चार बोटं खाली बसवलेलं, त्यामुळं गाडी कपाळाला आठ्या घालून बघते आहे असं वाटायचं. रंग डाळिंबी. बॉनेटखाली आठ सिलिंडरांचं इंजिन, चार इकडं, चार तिकडं. त्याला व्ही-एट म्हणतात हे मला तेव्हा कळलं. जुनी गाडी घ्यायची, नको ते सगळं काढून ती हलकी करायची आणि आत तिच्या कुवतीबाहेरचं इंजिन बसवायचं, म्हणजे झाला हॉट रॉड. अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून सरळ पाव मैल पळवायच्या, आधी पोचेल तो जिंकला, ही झाली ड्रॅग रेस.

"वळण नाही, खड्डा नाही, डावपेच नाही," मावशी म्हणाल्या. "लग्नापेक्षा सोपं असतं."

"गाडी चालवतं कोण?" मी विचारलं.

डॉक्टर कधी येणार असं पेशंटनं विचारल्यावर नर्स ज्या नजरेनं बघते, त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी विषय बदलला.

मावशी मिरजेला नर्सिंग शिकल्या होत्या आणि तिथून ऐन तरुणपणी इकडं आल्या, लोअर हटच्या हॉस्पिटलात. नोकरी संपली तरी नर्स काही संपली नव्हती. गॅरेजात शिरण्याआधी त्या कोपरापर्यंत हात धूत, बाहेर आल्यावर तर धूतच. पाने, स्क्रूड्रायव्हर सगळं स्टीलच्या ट्रेमध्ये पांढऱ्या फडक्यावर आकारानुसार मांडलेलं. मदतीला कोणी असलंच तर त्याच्याकडं न बघता हात मागं करायचा आणि "अर्ध्या इंचाचा" एवढंच म्हणायचं. चुकीचा पाना हातात पडला की त्या तो परत ट्रेमध्ये ठेवत आणि पुन्हा हात मागं करत. मी एकदा लागोपाठ तीन चुकीचे पाने दिले. मावशींनी हात धुतले, चहा केला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही कम्प्युटरवालेच का? बरंय."

माझ्या हायब्रीड गाडीवर त्यांचा राग होता. "चालू आहे की बंद तेच कळत नाही. अहो, फ्रीजसुद्धा मधूनमधून बोलतो."

एवढं सगळं असून गावात मावशी गोगलगाईसारख्या जायच्या. पन्नासची हद्द असलेल्या रस्त्यावर पंचेचाळीस. सुपरमार्केटच्या सिग्नलला कोणी टोपीवाला पोरगा शेजारी गाडी आणून इंजिन गुरगुरवायचा, आव्हान द्यायचा. मावशी काच खाली करून शांतपणे सांगायच्या, "नॉट हिअर, लव्ह. इथं माणसं राहतात." आणि सिग्नल सुटल्यावर त्याला पुढं जाऊ द्यायच्या.

त्या ह्या नादाला लागल्या कशा, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली. दर वेळी तपशील वाढायचे, पण सुरुवात तीच.

"मेट्रन आली आणि म्हणाली, रविवारी डोंगरापलीकडं वायरारापात शर्यती आहेत, प्रथमोपचाराला एक नर्स हवी. मी हात वर केला. मला वाटलं घोड्यांच्या. घोडा मिरजेला बघितलेला होता मी."

पोचल्यावर बघतात तर घोडा एकही नाही. मेंढ्यांच्या कुरणामधली जुनी धावपट्टी, खताची फवारणी करणारी विमानं उतरायची ती. दर शर्यतीआधी दोन माणसं पळत जाऊन मेंढ्या हाकलायची. वेळ मोजायला शाळेच्या ड्रिलमास्तरांकडून आणलेलं एकच स्टॉपवॉच. सुरुवात करायला झेंडा घेतलेला एक माणूस. परदेशी सामान तेव्हा सहज मिळत नसे, त्यामुळं ज्याला जे सापडेल ते त्यानं गाडीला लावलेलं. कोणाची पेट्रोलची टाकी म्हणजे बीअरचं पिंप. कोणाची बैठक मोडीत निघालेल्या विमानातली. एकाचं ॲक्सिलरेटर म्हणजे आईच्या शिवणयंत्राचं पायडल, आणि आई पायडल परत मागायला तिथं हजर.

"कुणाकडं काही नव्हतं हो," मावशी म्हणायच्या, आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा. "आता सगळं विकत मिळतं. गाडीत कम्प्युटर, बाहेर दिवे. माणूस नुसता बसून असतो."

त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याकडं आलेल्या केसेस अशा: उन्हानं भाजलेल्या माना, एक मधमाशी, आणि चहानं जीभ पोळलेला एक पंच. मग नेव्हिल नावाचा एक तरुण रेल्वे फिटर चक्कर येऊन आडवा झाला. ऊन लागलं होतं. मावशींनी त्याला सावलीत झोपवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि सांगितलं, आज गाडी चालवायची नाही.

"मग कोण चालवणार?" नेव्हिल रडकुंडीला आला. वर्षभर खपून त्यानं गाडी बांधली होती.

मावशी मिरजेत असताना खेड्यापाड्यांत दवाखान्याची जीप चालवायच्या. "त्या रस्त्यांवर चालवली की कुठंही चालवता येते," हे त्यांचं मत. त्या उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. नर्सची टोपी काढायला मात्र तयार नव्हत्या, कारण ड्युटीवर होत्या. शेवटी टोपी उतरवली, हेल्मेट घातलं आणि हेल्मेटवर टोपी पुन्हा बँडेजच्या चिकटपट्टीनं चिकटवली. तेव्हापासून तिथं सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणायला लागले.

"मग जिंकलात?" केतकीनं पहिल्यांदा ऐकताना विचारलं होतं.

"समोरच्याची गाडी सुरूच झाली नाही. त्याला मी काय करू? पण पाव मैल संपतो कुठं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थेट मेंढ्यांत गेले."

"अगंबाई. मग?"

"मेंढ्या समजूतदार. बाजूला झाल्या."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःची गाडी शोधली. ही डाळिंबी कूपे कार्टरटनच्या एका शेतकऱ्याकडं कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरात होती. कोंबड्या उठवून ती घरी आणली आणि नेव्हिलच्या मदतीनं बांधली.

मावशींचे यजमान श्रीधरकाका आम्ही येण्याआधीच गेले होते, पण त्यांच्याबद्दल मावशी असं बोलायच्या की ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेत असं वाटायचं. वाचनालयात नोकरी, आवाजाची मनस्वी नावड. बायको गॅरेजात इंजिन चालू करायची तेव्हा हे कानांत कापूस घालून मागच्या अंगणात गुलाब छाटत बसायचे. त्यांना गाडी लागायची. डोंगरातला रिमुटाका रस्ता म्हणजे नुसती वळणं, दुसऱ्या वळणालाच ते पांढरेफटक पडायचे. म्हणून शर्यतीच्या दिवशी मावशी गाडी घेऊन डोंगरावरून जात आणि काका डबा, थर्मास घेऊन आगगाडीनं, बोगद्यातून. तिथं पोचून ते पाव मैलाच्या शेवटी, कुंपणाशी उभे राहत. गाडी थांबवून मावशी उतरल्या की पहिला कप चहा तयार.

"आणि शर्यत?" मी विचारलं.

"ती त्यांनी कधी बघितली नाही. मी निघाले की डोळे मिटायचे. आवाज थांबला की उघडायचे."

ह्या डोळे मिटण्यातून एक भांडण जन्माला आलं होतं आणि ते अजून चालू होतं. झेंड्याच्या जमान्यातली शेवटची शर्यत. पुढच्या मोसमापासून रंगीत दिवे आणि यंत्रं येणार होती. त्या शेवटच्या दिवशी शेवटची जोडी मावशी आणि नेव्हिल यांची. दोघं एकाच वेळी पोचले असावेत. 'असावेत' म्हणायचं कारण असं, की पंच नेमका एका मेंढीमागं गेलेला होता आणि शेवटच्या रेषेपाशी साक्षीदार एकच, श्रीधरकाका. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. काका म्हणाले, "सॉरी. मी चहा ओतत होतो." चहा वगैरे काही ओतत नव्हते, हे मावशींना माहीत होतं.

नेव्हिल, म्हणजे सगळ्यांचा नेव्ह, आता ऐंशीच्या पुढं गेलेला, उंच, वाकलेला, वायरारापात एकटा राहणारा गृहस्थ होता. महिन्यातून एकदा आगगाडीनं मावशींकडं यायचा. "किया ओरा, सिस्टर," असा माओरी नमस्कार घालत स्वयंपाकघरात शिरायचा, तिखट चिवड्याची वाटी पुढं ओढायचा, डोळ्यांतून पाणी काढत खायचा आणि त्या शर्यतीचा विषय काढायचा. "आय हॅड यू बाय अ हेडलाइट." मावशी म्हणायच्या, "इन युअर ड्रीम्स, नेव्ह," आणि वाटीत आणखी चिवडा घालायच्या. दुसरा कुठलाही विषय त्यांना लागत नसे.

मराठी मंडळाच्या गणपतीचं प्रकरण आम्ही आलो त्याच वर्षीचं. मिरवणुकीला ट्रक मिळेना, तेव्हा मावशींनी आपली गाडी देऊ केली. सगळ्यांना कल्पना आवडली. ऐन वेळी लक्षात आलं की कापलेल्या छपराखाली बाप्पाचा मुकुट मावत नाही. मावशींनी गाडीच्या मागचं झाकण उघडलं. आत गादीची बैठक होती. मंडळाचे अध्यक्ष दीक्षित, सरकारी खात्यात इंजिनिअर, अंगावर रेशमी कुर्ता, पुढं झाले.

"मावशी, बाप्पाला डिकीत बसवायचं?"

"डिकी नाही ती. रंबल सीट म्हणतात. मोकळ्या हवेची जागा. पूर्वी पाहुण्यांना बसवायचे इथं."

"पण झाकण डिकीचंच दिसतंय ना? लोक काय म्हणतील?"

"दीक्षित, उंदरावर बसणाऱ्याला तुम्ही डिकी सांगताय?"

दीक्षित कुर्ता सावरत बाजूला झाले. बाप्पा रंबल सीटवर विराजमान झाले, आणि खरं सांगायचं तर छान दिसत होते. वारा लागत होता, चहूबाजूंनी दर्शन होत होतं. मात्र मावशींनी डोंगरापलीकडून आपली 'मुलं' बोलावली आहेत, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. वळणावरून एकामागोमाग एक हॉट रॉड आले. आतली मुलं सत्तरी-ऐंशीची. पोटापर्यंत दाढ्या, दंडावर गोंदण, शर्टांवर कवट्या. एकाच्या नाकात ऑक्सिजनची नळी. सगळ्यांनी जॅन्डल्स काढून बाप्पापुढं रांगेत हात जोडले, कारण सिस्टरनं तसं बजावलं होतं.

कोणी "गणपती बाप्पा" म्हटलं की "मोरया" म्हणायचं, हेही त्यांना शिकवलेलं होतं. त्यांना शब्द नीट जमेना. म्हणून त्यांनी आपसांत सोपा मार्ग काढला. दीक्षितांनी माईकवरून "गणपती बाप्पा" म्हटलं आणि उत्तरादाखल सगळ्या गाड्यांनी एकदम इंजिनं गर्जवली. तीन महिने तालीम केलेलं आमचं ढोलपथक काठ्या उगारून नुसतं उभं राहिलं. एक पोलीस आला. त्यानं मावशींच्या गाडीभोवती फेरी मारली, बाप्पाकडं पाहिलं, आणि विचारलं, बॉनेट उघडून बघितलं तर चालेल का. जाताना मोदक घेऊन गेला.

पुढच्या बैठकीत दीक्षितांनी ठराव केला की इथून पुढं मिरवणुकीत इंजिनं नकोत. पुढचं वर्ष उजाडलं, मिरवणूक शांततेत निघायची वेळ आली, आणि पोरं विचारायला लागली, "वेअर आर द कार्स?" इकडं जन्मलेली आमची पोरं मंडळात यायची म्हणजे नाक मुरडायची. ती गाड्या नाहीत म्हणून हिरमुसून बसलेली पाहून दीक्षितांनीच मावशींना फोन लावला. मावशी म्हणाल्या, "तयारच आहे. बॉयलर सूट बदलते आणि आले."

त्यानंतरच्या वसंतात नेव्ह एक बातमी घेऊन आला. जुन्या मंडळींनी ठरवलं होतं की त्याच धावपट्टीवर एक दिवस जुन्या पद्धतीनं शर्यती करायच्या. दिवे नाहीत, यंत्रं नाहीत, झेंडा आणि डोळे. चालवणारे जुन्या काळातलेच. मावशींनी चिवडा वाढायचं थांबवलं.

"मी आता पळवत नाही," त्या म्हणाल्या.

"गाडी दर शनिवारी सुरू करतेस ती कशाला?"

मावशींनी चिवड्याचा डबा बंद केला. नेव्ह गेल्यावर भांडी विसळत मला म्हणाल्या, "पाव मैलाच्या शेवटी कोण उभं असायचं ते ठाऊक होतं, अभिजित. आता तिकडं नुसतं कुंपण आहे." मग केतकी म्हणाली, "आम्ही उभे राहू की. थर्मास घेऊन." मावशींनी नळ बंद केला. "साखर कमी घाल," एवढंच म्हणाल्या.

पण मध्ये लायसन्सची अडचण आली. ह्या वयात इथं डॉक्टरचा दाखला लागतो. मावशींची डॉक्टर म्हणजे पुण्याची सायली, आमच्याच मंडळातली, मुलीसारखी. पुढं हा प्रसंग मावशींनीच घरोघर सांगितल्यामुळं मीही सांगायला हरकत नाही. सायलीनं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. मावशींनी वरपासून खालपर्यंत, अगदी तळाची मुंगीएवढी ओळसुद्धा, घडाघडा म्हटली. सायली चकित झाली. मग तिला कसलीशी शंका आली. तिनं विचारलं, "मावशी, तक्त्याशेजारी कॅलेंडर आहे, त्यावर चित्र कसलं आहे?"

"कुठलं कॅलेंडर?" मावशी म्हणाल्या.

"तुम्ही फसवलंत मला."

"फसवलं नाही. अर्धा जन्म हा तक्ता मी लोकांकडून वाचून घेतलाय. पाठ आहे. तू वाच म्हणालीस, मी म्हटला."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. सायलीनं दाखला द्यायला नकार दिला. आम्हाला वाटलं मावशी चिडतील. त्या घरी आल्या, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बरोबर केलं पोरीनं. मी तिच्या जागी असते तर मीही दिला नसता." पण त्या दिवशी त्या गॅरेजकडं फिरकल्या नाहीत. पुढं दर शनिवारी गाडी सुरू करायचं काम माझ्याकडं आलं. मी ते घाबरत घाबरत करायचो. त्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, "थंड आहे अजून. थांब. हां, आता सोड."

ऑपरेशनची सरकारी यादी लांबलचक होती. मावशींनी हॉस्पिटलात फोन करून सांगून ठेवलं, कोणी रद्द केलं तर मला बोलवा, मी पायांत जॅन्डल्स घालून बसलेली आहे. एका शेतकऱ्याची मेंढ्यांची कातरणी आडवी आली आणि मावशींचा नंबर लागला. एक डोळा, मग दुसरा.

पट्टी निघाल्यावर आम्ही त्यांना घरी आणलं. त्यांनी आधी माझ्याकडं निरखून पाहिलं. "तू बराच म्हातारा आहेस की रे." मग स्वयंपाकघरातला ओटा पाहिला आणि दिवसभर घासला. संध्याकाळी गॅरेज उघडलं आणि थबकल्या. गेली काही वर्षं गाडीला कुठं खरचटलं की त्या स्वतःच ब्रशानं रंग लावायच्या. डाळिंबी गाडीवर जागोजागी टोमॅटोसारखे, गाजरासारखे, आणि एक तर चक्क गुलाबी, असे ठिपके होते. आम्ही इतके दिवस पाहत होतो, पण सांगणार कोण?

"हे कुणी केलं?" मावशींनी विचारलं.

"तुम्हीच," केतकी म्हणाली.

मावशी इतक्या हसल्या की ट्रेचा आधार घ्यावा लागला. "गोवर आलाय बिचारीला." रंग त्यांनी तसाच ठेवला.

सायलीनं दाखला दिला, दुसरा तक्ता वापरून. आणि उन्हाळ्याच्या शेवटी, शर्यतीच्या दिवशी, मी आणि केतकी पाव मैलाच्या शेवटी कुंपणाशी उभे होतो. शेजारी दोन पंच नेमले होते. त्यातला एक वाऱ्यानं उडालेल्या तंबूमागं धावत गेला आणि दुसरा त्याच्या मदतीला. संयोजकांनी लांबून मला हातवारे केले, तू बघ म्हणून. वायरारापाचा वारा असा की केतकीच्या हातातल्या कपातला चहा आडवा उडत होता.

लांब झेंडा खाली आला. मावशींची गाडी निघाली. नेव्हची जागच्या जागी आचके देऊन बंद पडली. नियमानं मावशी जिंकल्याच होत्या, नुसतं यायचं होतं. पण अर्ध्यावर त्यांनी गाडी थांबवली, आणि सगळ्या लोकांसमोर, मान मागं वळवून, धावपट्टीवरून सबंध अंतर उलटी, रिव्हर्समध्ये नेली. बाजारातून दूध आणायला गेल्यासारखी. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एकदा जिंकले होते तसं. एकदा पुरे."

दुसऱ्यांदा झेंडा पडला. दोन्ही गाड्या निघाल्या. आधी काहीच ऐकू आलं नाही, नुसते दोन ठिपके, मग आवाज छातीतच शिरला. गाड्या वाढत जातात, आणि आपल्याच अंगावर येताहेत असं वाटतं. श्रीधरकाका डोळे का मिटायचे ते मला त्या क्षणी कळलं. केतकीनं मिटले होते. मी मिटले नाहीत. गोवर आलेली गाडी आणि नेव्हची काळी गाडी, दोन्ही माझ्यासमोरून गेल्या, आणि नेव्ह पुढं होता. एका दिव्याएवढा.

मावशी पलीकडं जाऊन थांबल्या, उतरल्या, हेल्मेट काढलं. नेव्हही काठी टेकत आला. दोघं माझ्यापुढं उभे राहिले.

"बोल," मावशी म्हणाल्या.

"नेव्ह," मी म्हणालो. "थोडक्यात."

"डोळे उघडे होते तुझे?"

"होते."

मावशींनी केतकीच्या हातून कप घेतला, एक घोट घेतला. "ह्यांनी मिटलेच असते," त्या म्हणाल्या, आणि हात पुढं करून नेव्हशी हस्तांदोलन केलं. आयुष्यभर तो हेच सांगत आला होता, आणि आता त्याचा चेहरा पडला होता. "वेल, दॅट वॉज टुडे," तो म्हणाला. "डझन्ट प्रूव्ह द अदर वन." मावशींनी मान हलवली. "राइट. ती अजून बाकीच आहे."

त्याच हिवाळ्यात मावशींनी घर विकलं आणि वायरारापात राहायला गेल्या, नेव्हच्या घरापासून दोन दारं सोडून. "महिन्यातून एकदा भांडून पुरत नाही," हे कारण त्यांनी सांगितलं. मुलगा ऑस्ट्रेलियात, तो फोनवर म्हणाला, "मम, ॲट युअर एज?" मावशी म्हणाल्या, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत एकदम झकास, आणि फोन ठेवला. त्यानंतर काही महिन्यांतच मला ऑकलंडला नोकरी मिळाली, आम्ही तिथल्या मनुरेवा भागात गेलो. फोन चालू राहिले. मागच्या वर्षी फोन आला तो नेव्हचा. मावशी झोपेतच गेल्या, सकाळी चहाला आल्या नाहीत म्हणून तो बघायला गेला होता. मग म्हणाला, "शेवटपर्यंत तिचं म्हणणं होतं की तू आंधळा आहेस."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांनी घर बदललं त्या दिवशी. सामान ट्रकमधून पुढं गेलं होतं. गाडी ट्रकवर चढवायला मावशी तयार नव्हत्या, त्या स्वतः चालवत निघाल्या. आम्ही मागून आमच्या गाडीत, केतकीच्या मांडीवर त्यांची तुळशीची कुंडी आणि पायाशी प्रेशर कुकर. रिमुटाकाच्या चढावर पाऊस भुरभुरत होता. मावशी आपल्या वेगानं चढत होत्या आणि मागं गाड्यांची रांग लागत होती. जिथं रस्ता जरा रुंद होई, तिथं त्या डावीकडं थांबून सगळ्यांना पुढं सोडत. माथ्याजवळ त्या अशाच थांबल्या आणि खिडकीतून हात काढून मागच्यांना जा म्हणून खुणावलं. त्यात आम्हीही होतो. आम्ही त्यांच्याबरोबर आहोत हे त्या विसरल्या, का लक्षात असूनही नियम तो नियम, कोण जाणे. थांबायला जागा नव्हती, मला पुढं जावंच लागलं.

पावसात पुढची रांग हळूहळूच सरकत होती. आरशात पाहिलं. ठिपक्याठिपक्यांची डाळिंबी गाडी कडेला उभी, उजवा इंडिकेटर लुकलुकतोय, आणि स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून मावशी ताठ बसलेल्या, आपली पाळी यायची वाट बघत. एकामागोमाग गाड्या जात होत्या, कोणी जागा देत नव्हतं. मग ओंडके लादलेला एक मोठा ट्रक आला. तो हळू झाला, भर चढावर पूर्ण थांबला आणि त्यानं दिवे मिचकावले. त्याच्यामागं सगळा रस्ता थांबला. मावशींनी काचेतून त्याला हात केला, आधी उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. नंतर कुठं गाडी हलली. तेवढ्यात वळण आलं.